ठसा आणि पारख : इंग्रजी चांदीची शमादाने व दख्खनची चांदी

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरच्या वाटेस लागली म्हणजे वाटेत काटेवाडी लागते. तेथे परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालून पालखीचे स्वागत करतात व पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पाहणाऱ्याचे लक्ष पायघड्यांकडे आणि मेंढ्यांकडे जावे हे स्वाभाविकच आहे. परंतु भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकाने त्या प्रसंगी चांदीच्या रथाकडेही एकदा निराळ्या दृष्टीने पाहावे. देवस्थानांतील व जुन्या घराण्यांतील चांदीसंबंधी जे प्रश्न पडतात, ते सर्व तेथे एकदम उभे राहतात. ही चांदी किती कसाची? ती कोणी घडविली, कोणत्या साली, आणि ती शुद्ध असल्याची हमी कोणी घेतली? आपल्याकडील जुन्या समया, तबके, अभिषेकपात्रे, निरांजने यांपैकी बहुतेकांना हे प्रश्न विचारले, तर वस्तूच्या अंगावर त्यांचे उत्तर सापडत नाही.

याच्या उलट, लंडन शहरी १७५० च्या सुमारास घडविलेले चांदीचे शमादान उलटे करून पाहिले, तर बुडाशी चार लहान ठसे दिसतात. त्यांवरून धातूचा कस, तपासणीचे गाव, तपासणीचे वर्ष आणि कारागिराची ओळख या चारही गोष्टी निश्चित करता येतात. एका बाजूस बोलकी चांदी आणि दुसऱ्या बाजूस मुकी चांदी, असा हा भेद आहे. तो कारागिरांच्या कौशल्यातला आहे काय? प्रामाणिकपणातला आहे काय? की समाजात विश्वास कोठे ठेवला जात असे, यातला आहे? प्रस्तुत लेखात इंग्रजी शमादानाची घडण आणि त्यावरील ठशांचा इतिहास सांगून, त्याच्या उजेडात दख्खनच्या चांदीकामाचा विचार करण्याचे योजिले आहे.

१. ठशाची उत्पत्ती

इंग्लंडात चांदीच्या वस्तूंवर ठसा मारण्याची सक्ती इ. स. १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने झाली. चांदीची वस्तू नाण्याच्या चांदीहून हलकी असू नये, हा त्या कायद्याचा गाभा होता. नाण्याचा कस बारा औंसांत ११ औंस २ पेनीवेट शुद्ध चांदी, म्हणजे हजारांत ९२५ भाग, असा ठरलेला होता. यालाच स्टर्लिंग म्हणतात. कारागीरसंघाच्या प्रमुखांनी दुकानोदुकानी फिरून वस्तू तपासावी व कसास उतरलेल्या वस्तूवर बिबळ्याच्या मस्तकाचा ठसा मारावा, अशी ही योजना होती. १३२७ साली लंडनच्या सुवर्णकारसंघास राजाची सनद मिळाली, आणि १३६३ साली प्रत्येक कारागिराने स्वतःचा ठसा मारलाच पाहिजे असे ठरले.

पुढील पायरी १४७८ सालची. त्या वर्षापासून तपासणी संघाच्या सभागृहातच होऊ लागली, आणि प्रत्येक वर्षासाठी वर्णमालेतील एक अक्षर ठरवून तेही वस्तूवर ठसविले जाऊ लागले. आज इतिहासकार याच अक्षराच्या आधाराने वस्तूचे वर्ष सांगतो. परंतु ते अक्षर इतिहासकाराच्या सोयीसाठी योजिलेले नव्हते. हलकी वस्तू ठसा घेऊन बाहेर पडली, तर त्या वर्षी तपासनीस कोण होता हे कळावे व त्यास जाब विचारता यावा, एवढाच तिचा हेतू होता. आज जो पुरावा आपण कालनिर्णयासाठी वापरतो, तो मुळात तपासनिसावरील अविश्वासातून जन्मास आला.

चालत्या सिंहाचा ठसा १५४४ सालचा. त्या सुमारास आठव्या हेन्रीने नाण्यांतील चांदी मोठ्या प्रमाणात घटविली होती. नाणे हिणकस झाले तरी भांडे स्टर्लिंगचेच राहिले पाहिजे, हे ग्राहकास पटवून देण्याची गरज तेव्हा निर्माण झाली. याच्या नेमकी उलट अडचण सतराव्या शतकाच्या अखेरीस उद्भवली. नाणी कातरून आणि वितळवून त्यांची भांडी करण्याचा प्रघात इतका बोकाळला की चलनास चांदी अपुरी पडू लागली. म्हणून १६९७ साली भांड्यांचा कस नाण्याहून वर, हजारांत सुमारे ९५८ भाग, असा चढविण्यात आला. वितळविलेल्या नाण्याचे भांडे त्यामुळे आपोआप कसास उतरेनासे झाले. या उच्च कसाच्या चांदीवर ब्रिटानिया देवतेची आकृती ठसविलेली असते. १७२० साली स्टर्लिंगचा कस पुन्हा मान्य झाला, परंतु त्याबरोबर दर औंसास सहा पेन्सांचा करही आला.

हा कर चुकविण्याच्या युक्त्याही ठशांच्या इतिहासाचाच भाग आहेत. लहानशा वस्तूवर ठसा मारून घ्यावयाचा, तेवढा तुकडा कापावयाचा, आणि तो मोठ्या जड वस्तूच्या बुडाशी झाळून टाकावयाचा, हा प्रकार अठराव्या शतकात चांगल्या नामांकित कारागिरांनीही केला. १७५८ साली हा कर रद्द होऊन त्याच्या जागी परवान्याची पद्धत आली. त्याच सुमारास खोटा ठसा मारण्याच्या गुन्ह्यास देहान्ताची शिक्षा ठरली, आणि १७७३ साली ती सौम्य करून चौदा वर्षांची हद्दपारी करण्यात आली. १७८४ मध्ये कर पुन्हा बसला, आणि तो भरल्याची खूण म्हणून राजाच्या मस्तकाचा ठसा १८९० पर्यंत चालू राहिला.

या सर्व घडामोडींतून एकच गोष्ट सिद्ध होते. इंग्रजी चांदीवरील ठसे म्हणजे इंग्रज कारागिराच्या सचोटीचे प्रशस्तिपत्र नव्हे. ग्राहकाचा कारागिरावर, संघाचा तपासनिसावर आणि राजाचा सर्वांवरच जो अविश्वास होता, त्याची ती थरावर थर साचलेली नोंद आहे.

२. शमादानाची घडण

चांदीच्या वस्तूंत शमादानाचे स्थान विशेष आहे. ते केवळ शोभेचे नसून रोजच्या वापराचे, जोडीने अथवा चौकडीने घडविले जाणारे आणि ज्वालेचा ताप सोसणारे साधन होय. सतराव्या शतकाच्या मध्यापूर्वीची इंग्रजी चांदीची शमादाने फारच थोडी उरली आहेत. १६४२ साली सुरू झालेल्या यादवी युद्धात सैन्याच्या पगारासाठी घराघरांतील चांदी वितळविली गेली, हे त्याचे एक मोठे कारण. त्या काळची शमादाने बहुधा पातळ पत्रा ठोकून केलेली, वजनाने हलकी व घाटाने साधी असत.

शमादानाच्या घडणीस कलाटणी मिळाली ती फ्रान्समधून आलेल्या निर्वासितांमुळे. १६८५ साली चौदाव्या लुईने नांतचा आदेश रद्द केला व प्रॉटेस्टंट पंथीयांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. हजारो कुटुंबांनी देश सोडला, आणि त्यांत चांदीचे कसबी कारागीर होते. (तुकोबांच्या पालखीची परंपरा नारायण महाराजांनी सुरू केली, तेही परंपरेने १६८५ सालीच. हा निव्वळ योगायोग असला तरी दोन्ही सन एकत्र ध्यानात राहण्यास तो उपयोगी आहे.) या कारागिरांनी लंडनमध्ये ओतीव कामाची पद्धत रूढ केली. पॉल द लामरी हा त्यांच्यातील सर्वांत ख्यातनाम कारागीर. त्याचा जन्म १६८८ साली नेदरलँड्समध्ये निर्वासित कुटुंबात झाला, १७१३ साली त्याने लंडनमध्ये आपला ठसा नोंदविला व १७५१ साली तो निवर्तला.

ओतीव शमादानाची कृती थोडक्यात अशी. दांड्याचा लाकडी अथवा धातूचा नमुना वाळूच्या साच्यात दाबून त्याची दोन उभी अर्धुके निरनिराळी ओतीत. दांडा आतून पोकळ राहावा आणि चांदी वाया जाऊ नये, असा त्यात हेतू असे. ही अर्धुके चांदीच्याच झाळीने जोडली जात. बैठक वेगळी ओतून मग दांड्यास जोडीत. त्यानंतर ओतकामाचा खडबडीतपणा कातून, खरवडून व घासून काढला जाई, आणि शेवटी नक्षीगार घराण्याचे चिन्ह कोरी. चांगल्या शमादानावर ही उभी झाळ बाहेरून सहसा दिसत नाही. परंतु बुडाच्या पोकळीतून आत पाहिले, किंवा दांड्यावर तोंडाची वाफ सोडली, तर ती पुष्कळदा उमटते. वितळलेले मेण गोळा करण्यासाठी वर बसविण्याची सुटी वाटी अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. उंचीही वाढत गेली. शतकाच्या आरंभी सहा-सात इंचांचे असणारे शमादान शतकाच्या उत्तरार्धात दहा-बारा इंचांचे झाले.

हा व्यवसाय एकट्या कारागिराचा नव्हता. जॉन केफ व त्याचा भाऊ विल्यम केफ यांच्यासारखे लंडनमधील कारागीर प्रामुख्याने शमादानेच घडवीत. साच्याचा नमुना एकदा तयार झाला की तो पुन्हा पुन्हा वापरता येई. त्यामुळे दोन निरनिराळ्या वर्षांची शमादाने घाटाने तंतोतंत जुळतात, आणि केवळ घाटावरून कालनिर्णय करणारा अभ्यासक अशा वेळी फसतो.

१७७० च्या आगेमागे शेफील्डच्या कारागिरांनी निराळाच मार्ग काढला. पोलादी छापांत पातळ पत्रा दाबून शमादानाचे भाग तयार करावयाचे, ते झाळावयाचे, आणि आतील पोकळीत लोखंडी गज घालून ती राळेने व डांबराने भरून टाकावयाची. बुडाला बहुधा जाड कापड चिकटवीत. दिसावयास भारदस्त आणि किमतीस स्वस्त अशी ही वस्तू मध्यम वर्गाच्या मेजावर सहज पोहोचली. याच काळात मॅथ्यू बोल्टन प्रभृतींच्या खटपटीने १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या गावांना स्वतंत्र तपासणीघरे मिळाली. बर्मिंगहॅमची खूण नांगर, तर शेफील्डची मुकुट. शेफील्डचा मुकुट १९७५ साली बदलून त्या जागी गुलाब आला.

भरीव दिसणाऱ्या परंतु राळ भरलेल्या या शमादानाचे वजन चांदीचे वजन म्हणून धरणे ही मोठी चूक होय. आपल्या सोनारकामाशी परिचय असलेल्या वाचकास हे नवे वाटू नये, कारण पोकळ दागिन्यात लाख भरण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, आणि लाखेसकट वजन की लाखेविना वजन, हा सोनार व गिऱ्हाईक यांच्यातील वादही तितकाच जुना आहे.

३. समई आणि शमादान

शमादान हा शब्द मराठीत फारसीतून आला. शमा म्हणजे मेणबत्ती, व दान म्हणजे ती ठेवण्याचे पात्र. विशेष असे की समई हा आपण अस्सल घरगुती मानतो तो शब्दही कोशकारांनी याच अरबी-फारसी शब्दकुळाशी जोडला आहे. शब्दकूळ एक असले तरी वस्तूंची कुळे मात्र दोन आहेत.

समई तेलाची असते. तेल सांडू नये म्हणून तिची ताटली सपाट व समतल, आणि बैठक रुंद व जड असावी लागते. वाती टेकण्यासाठी ताटलीच्या कडेला पन्हळी काढलेल्या असतात. तिचे भाग आट्यांनी एकमेकांत बसतात व घासण्यासाठी उकलता येतात. ती एकदा जागेवर ठेवली की सहसा हलवीत नाहीत, आणि तेल घालीत राहिले की तिची ज्योत रात्रभर एकाच उंचीवर तेवते. मेणबत्तीचे तसे नाही. ती जळत जाते तशी तिची ज्योत खाली उतरते. म्हणून शमादानास उंची द्यावी लागते, आणि ते हाती धरून खोलीखोलीतून नेता येईल असे आटोपशीर असावे लागते. समई स्थिर आणि शमादान फिरते, यातच दोघांच्या घाटांचे रहस्य आहे.

दुसरा भेद आचाराचा. इंग्लंडात स्वस्त मेणबत्त्या जनावरांच्या चरबीच्या असत व मधमाश्यांच्या मेणाच्या बत्त्या श्रीमंतांस परवडत. चरबीची बत्ती आपल्या देवघरात चालणे शक्य नव्हते. त्यामुळे उत्तर पेशवाईत हंड्या, झुंबरे व शमादाने दख्खनच्या सरदारी वाड्यांत आली, ती दिवाणखान्यापुरती. देवघराचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही. जिचा वंश परका तो शब्द देवापुढे गेला, आणि जिची बत्ती परकी ती वस्तू बाहेर राहिली, असे म्हणावयास हरकत नाही. या तेलदिव्यांच्या घाटांचे वैविध्य ज्यांस एकत्र पाहावयाचे असेल, त्यांनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांचा संग्रह अवश्य पाहावा.

४. पोतदार : ठशाविना पारख

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दख्खनमध्ये चांदीची पारख होत नव्हती काय? ती होत होती, आणि अत्यंत काटेकोरपणे होत होती. आपल्या भाषेनेच त्याची साक्ष जपून ठेवली आहे. कस, कसोटी, चोख, हिणकस, बट्टा हे शब्द नीतीच्या चर्चेत आपण आज सहज वापरतो. ते सर्व सोनाराच्या व सराफाच्या पेढीवरून आलेले आहेत.

गावगाड्यात ही पारख करणारा अधिकारी म्हणजे पोतदार. तो जातीने सोनार असे आणि वसुलात येणारी नाणी तपासणे हे त्याचे काम असे. या कामाची गरज ध्यानात येण्यासाठी तत्कालीन चलनाची स्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. अठराव्या शतकात मराठी मुलखात नाना टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशी त्यांची नावे, आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा. प्रत्येक रुपयावर छाप होतीच, परंतु केवळ छापेवर कोणाचा विश्वास नव्हता. छाप पाहून रुपया कोणत्या टांकसाळीचा एवढे कळे. तो खरा किती, झिजलेला किती, हे पोतदाराच्या नजरेने व कसोटीने ठरे. इंग्लंडात विश्वास माणसाकडून काढून ठशाकडे दिला गेला. येथे ठसा असूनही तो माणसाकडेच राहिला.

बारामतीच्या परिसरात या व्यवहाराचे मोठे टोकही पाहावयास मिळते. बाबूजी नाईक जोशी बारामतीकर हे अठराव्या शतकातील प्रमुख सावकार व सरदार होते. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांस बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई दिलेली. असे असूनही पहिल्या बाजीरावांचे सावकार या नात्याने त्यांचे पेशव्यांशी संबंध नेहमीच गोड राहिले नाहीत, आणि १७४० साली बाजीरावांच्या मृत्यूनंतर रघूजी भोसले यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचेच नाव पुढे केले. कऱ्हाकाठच्या नाईकांच्या वाड्याचे आणि तेथे आश्रय लाभलेल्या मोरोपंतांचे (१७२९–१७९४) नाव वाङ्मयाच्या अभ्यासकास परिचित आहे. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने हेही स्मरावे की ज्या पेढीवर राज्याच्या कर्जाचे व्यवहार चालत, त्या पेढीचा अखेरचा आधार रुपया पारखणाऱ्या माणसाची नजर हाच होता.

भांड्यांच्या बाबतीतही हीच रीत होती. गिऱ्हाईक रुपये अथवा मोडीची चांदी तोलून सोनारास देई, सोनार ती वितळवून वस्तू घडवी, आणि वस्तू पुन्हा तोलून घेऊन गिऱ्हाईक घडणावळ चुकती करी. धातू गिऱ्हाइकाचाच असल्याने त्याच्या कसाची हमी त्रयस्थाने घेण्याचा प्रश्नच नव्हता. सोनार गावचा, त्याचे वडीलही गावचेच, आणि लबाडी उघड झाली तर तोंड लपविण्यास त्याला जागा नाही. अशा समाजात ठसा निरुपयोगी ठरतो. ठशाची गरज लागते ती घडविणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखीत नाहीत तेथे. लंडनचे शमादान कोणत्याही परगण्यात, कोणत्याही अपरिचितास विकले जावयाचे होते. इंदापूरच्या सोनाराने घडविलेली समई कोणाच्या देवघरात जावयाची, हे चांदी वितळण्यापूर्वीच ठाऊक असे.

म्हणून आपल्या चांदीचे मुकेपण हा कारागिरीचा उणेपणा नव्हे, आणि बेपर्वाईही नव्हे. येथे पारख वस्तूशी बांधलेली नव्हती, ती व्यवहाराशी बांधलेली होती. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याची किंमत जबर पडली. व्यवहार संपला, माणसे गेली, आणि त्यांच्याबरोबर वस्तूची माहितीही गेली.

५. रुपया आणि शमादान

नोव्हेंबर १८१७ मधील खडकीच्या लढाईनंतर पुणे प्रांत इंग्रजांच्या हाती गेला, व दख्खनमध्ये इंग्रजी छावण्या स्थिरावल्या. अंमलदारांच्या मेजावर शमादाने आली. काही विलायतेहून आली, तर काही येथेच घडविली गेली. या दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंचा अभ्यास करताना एक साधे गणित उपयोगी पडते.

१८३५ साली कंपनीने सर्व मुलखासाठी एकरूप रुपया काढला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे हजारांत सुमारे ९१६.७ भाग. ट्रॉय औंस ४८० ग्रेनांचा, म्हणजे पावणेतीन तोळ्यांहून किंचित कमी, नेमका २ २/३ तोळे. आता १८ औंसांचे एक ओतीव शमादान घ्या. त्याचे वजन ४८ तोळे, म्हणजे ४८ रुपयांचे वजन होते. एखाद्या पुणेरी सोनाराने ४८ रुपये आटवून हुबेहूब तेच शमादान घडविले, तर वजन, घाट, सफाई यांत तिळभर फरक नसतानाही ते स्टर्लिंगच्या कसास हजारी आठ भागांनी कमी भरेल, आणि लंडनच्या तपासणीघरात ते नापास होईल. त्यात सोनाराची लबाडी काहीच नाही. राजाच्या रुपयाचीच चांदी इंग्लंडच्या भांड्याच्या चांदीहून किंचित हलकी होती. म्हणून अशा वस्तूचा कस ९१७ च्या आसपास निघाला, तर तिला हिणकस न म्हणता ती बहुधा रुपयांची घडलेली असावी, असा तर्क आधी करावा. अर्थात जुन्या चांदीची मोड त्यात मिसळलेली असू शकते, यास्तव हा तर्क एकट्याने निर्णायक मानू नये.

कंपनीच्या मुलखात चांदीच्या तपासणीची इंग्लंडसारखी व्यवस्था नव्हती. कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि मद्रासच्या पीटर ऑर यांसारख्या पेढ्या स्वतःचेच ठसे मारीत, आणि त्यांतील काही ठसे विलायती ठशांच्या धर्तीचे असत. देशी कारागिरांतही नाव ठसविण्याची चाल याच काळात पडली. भूजच्या ओमरसी मावजी यांची अक्षरे त्यांच्या कामावर आढळतात, तर पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम करणाऱ्या हीराप्पा बूचेना यांचे नाव त्यांच्या चांदीकामावर इंग्रजी लिपीत ठसविलेले मिळते. हे ठसे कसाची हमी देत नाहीत, ते कारागिराची ओळख तेवढी सांगतात. परंतु कारागीर आणि गिऱ्हाईक यांतील अंतर वाढताच ठसा कसा अवतरतो, याचे ते उत्तम उदाहरण होय. देवघरातील समईवर नाव नाही आणि साहेबाच्या मेजावरील भांड्यावर आहे, याचे कारण गिऱ्हाईक बदलले हे आहे.

एकरूप रुपया आला आणि पोतदाराच्या कामाचे मूळ प्रयोजनच उरले नाही. छापेवर विश्वास ठेवण्याची सवय दख्खनला प्रथम लावली ती नाण्याने. भांड्यांपर्यंत ती पोहोचण्यास फार काळ लागला. भारतीय मानक ब्युरोची सोन्याच्या दागिन्यांसाठीची प्रमाणन योजना २००० साली आणि चांदीसाठीची २००५ साली सुरू झाली. सोन्यास ती टप्प्याटप्प्याने सक्तीची होऊ लागली, तेव्हा २०२१ साल उजाडले होते. १३०० आणि २००५ या सनांमध्ये जे अंतर आहे ते मागासलेपणाचे अंतर म्हणून वाचू नये. ओळखीच्या बाजाराकडून अनोळखी बाजाराकडे जाण्याचा तो काळ आहे.

६. अभ्यासकास काही सूचना

बारामती-इंदापूर भागात किंवा अन्यत्र एखाद्या जुन्या वाड्यात शमादान निघाले, तर ते इंग्रजी चांदीचे आहे असे एकदम ठरवू नये. प्रथम धातू पाहावा. १७४२ च्या सुमारास शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर याने तांब्यावर चांदीचा पत्रा एकजीव करण्याची युक्ती काढली. अशा वस्तूच्या झिजलेल्या कडांतून तांबूस छटा डोकावते. १८४० साली एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचे एकस्व मिळविले. त्यानंतरच्या मुलाम्याच्या वस्तूंवर ई. पी. एन. एस. ही अक्षरे पुष्कळदा चौकटींत अशी मांडलेली असतात की अजाणत्यास ती चांदीच्या ठशांसारखी भासावी. त्यांचा अर्थ मुलाम्याखाली निकेलमिश्रित धातू आहे, एवढाच. आपल्या बाजारातील जर्मन सिल्व्हरमध्येही नावापलीकडे चांदी नसते.

दुसरे, ठसे कोठे आहेत ते पाहावे. ओतीव शमादानावर ते बुडाखाली असतात, तर राळ भरलेल्या शमादानावर बहुधा बैठकीच्या कडेवर. बुडाशी ठशांभोवती चौकोनी अथवा गोल झाळ दिसली, तर दुसऱ्या वस्तूवरील तुकडा बसविल्याचा संशय घ्यावा. तिसरे, एकटे वर्षाक्षर कधीही वाचू नये. लंडनने तीच अक्षरे काही काही वर्षांनी, ढालीचा आकार व वळण बदलून, पुन्हा वापरली आहेत. गावाची खूण, राजाचे मस्तक व अक्षराचे वळण यांचा मेळ बसला तरच सन निश्चित होतो.

ठसा नसलेल्या देशी चांदीच्या बाबतीत काम अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक निकडीचे आहे. वजन, उंची, झाळीच्या जागा, आट्यांची पद्धत, पत्र्याची जाडी आणि दात्याचा लेख असल्यास त्याची लिपी व पाठ, एवढ्या गोष्टी तरी नोंदवाव्यात. बुडाचे छायाचित्र अवश्य घ्यावे. त्यानंतर कागदांकडे वळावे. हिशेबी कागदाचा स्वभाव असा की त्यात वजन व घडणावळ येते, घाट येत नाही. उलट वस्तूत घाट दिसतो, पण घडणावळ दिसत नाही. मोडी जमाखर्चातील वजन आणि प्रत्यक्ष वस्तूचे वजन यांचा मेळ बसला, तर मुकी वस्तू बोलू लागते. पुणे पुराभिलेखागार आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ येथील दप्तरांचा या दृष्टीने उपयोग करून घेता येईल.

हे काम लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही. चांदीचे तीन शत्रू आहेत. पहिला मूस. अडचणीच्या काळी आणि हौसेच्या काळीही जुनी चांदी तेथेच जाते, आणि इंग्लंडच्या यादवीत जे एकदा मोठ्या प्रमाणावर घडले ते आपल्याकडे घरोघर सावकाश घडत असते. दुसरा शत्रू म्हणजे चकाकी देण्याची प्रक्रिया. प्रत्येक उजाळणीत चांदीचा एक सूक्ष्म थर, आणि त्याबरोबर कोरलेल्या अक्षरांची धार, निघून जाते. देवाची चांदी लख्ख असावी ही भक्ताची अपेक्षा रास्तच आहे. अभ्यासकाने त्याआड न येता उजाळणीपूर्वी नोंद करून घ्यावी. तिसरा शत्रू विस्मरण, आणि तो सर्वांत बलवान. अमुक समई अमुक सोनाराने आजोबांच्या काळी घडविली, हे सांगणारे एखादे वृद्ध माणूस हेच आपल्याकडे ठशाचे काम करते, आणि त्या ठशाची प्रत निघत नाही.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. इंग्रजी शमादानाचे ऐतिहासिक मोल त्याच्या नक्षीपेक्षा त्याच्या बुडाशी असलेल्या ठशांत अधिक आहे, आणि ते ठसे कर, लबाडी व अविश्वास यांतून निर्माण झालेले आहेत. दख्खनच्या चांदीवर ठसा नाही, कारण येथे विश्वासाचे स्थान माणूस हे होते. दोन्ही व्यवस्था आपापल्या बाजारास पुरेशा होत्या. मात्र पहिलीने इतिहासकारासाठी नकळत पुरावा मागे ठेवला आणि दुसरीने तो ठेवला नाही. तो पुरावा आता आपणच तयार केला पाहिजे. त्यासाठी तराजू, मोजपट्टी, छायाचित्रक आणि वृद्धांशी निवांत बोलण्याची तयारी एवढी साधने पुरेशी आहेत. पदव्युत्तर वर्गातील एकेका विद्यार्थ्याने आपल्या गावातील एकेका देवस्थानाच्या व घराण्याच्या चांदीची अशी नोंद केली, तर पोतदाराबरोबर लुप्त झालेल्या पारखीचा काही अंश तरी कागदावर राहील.